गुप्तेकाका आणि धुराचं इंजिन

गुप्तेकाका पक्कड घेऊन बसले की काकू देवापुढे निरांजन लावतात, असं आमच्या बिल्डिंगमध्ये म्हणायचे. यात अतिशयोक्ती होती. काकू फक्त उठून मेन स्विच बंद करून यायच्या आणि पुन्हा वाती वळायला बसायच्या.

आम्ही नव्या पनवेलला राहायला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. निम्म्या इमारतींना तेव्हा रंग नव्हता, रस्त्यांना दिवे नव्हते आणि शेजारच्या विचुंबे गावाकडून वारा सुटला की घरभर शेतातली धूळ यायची. मी तिथल्या एका शाळेत शिकवायला लागले होते. सामानाची खोकी अजून पुरती उघडलीही नव्हती, तेव्हाच एका सकाळी दारात एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ उभे राहिले. लेंगा, बाह्यांचं बनियन आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"मी गुप्ते. समोरचा. तुमचा मिक्सर आवाज करतोय."

"मिक्सर आवाज करतोच," मी म्हटलं.

"हा आवाज वेगळा आहे," म्हणत ते सरळ स्वयंपाकघरात शिरले. तासाभरात माझ्या माहेरून आलेल्या मिक्सरचे सगळे अवयव वर्तमानपत्रावर मांडून झाले. परत जोडल्यावर दोन स्क्रू उरले. "हे कंपनी जास्तीचे घालते," त्यांनी मला समजावलं आणि स्क्रू खिशात टाकले. मिक्सर चालू झाला हे मान्य करायला हवं. फक्त पुढे तो कायम उजवीकडे कलता धरूनच चालवावा लागला.

काका तळोज्याच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले होते. बेअरिंग, फ्यूज, गॅस्केट, नटबोल्ट असले स्पेअर पार्ट त्यांनी जन्मभर खिडकीतून दुसऱ्यांच्या हातात दिले. ते बसवायला मात्र त्यांना कधी कुणी बोलावलं नाही. त्याची भरपाई त्यांनी निवृत्तीनंतर आमच्यावर करून घेतली. कुठलीही वस्तू बिघडली की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "बनवणारा माणूसच होता ना? मग उघडायला काय हरकत आहे?" त्यावर आतून काकूंचा आवाज येई, "उघडायला शिकलात, मिटायचं शिकायचं राहिलं."

एकदा आमची दारावरची बेल चिकटून बसली. काकांनी ती दुरुस्त केली आणि हातासरशी स्वतःचीही तपासून घेतली. त्या दिवसापासून आमचं बटण दाबलं की बेल त्यांच्या घरात वाजायची आणि त्यांचं दाबलं की आमच्या. माझ्या सासूबाई गावाहून पहिल्यांदा आल्या, तेव्हा दार उघडलं ते काकांनी. त्यांना बसवून घेतलं, काकूंकडून चहा करवला आणि चहा होईपर्यंत त्यांच्या चष्म्याची काडी घट्ट करून दिली. आमच्या घरात पाऊल टाकताना ती काडी सासूबाईंच्या हातात होती. वायरमनला बोलावून बेल सरळ करून घेता आली असती, पण काकांना वाईट वाटेल म्हणून आम्ही ते केलं नाही. मग दोन्ही दारं दिवसभर उघडीच राहायला लागली आणि त्या घरात काय चाललंय ते मला आपोआप कळू लागलं.

काका-काकूंचा एकुलता एक मुलगा शिरीष जर्मनीत होता. तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं होतं आणि त्यांना लीना नावाची मुलगी होती. ती सहा वर्षांची असताना एका नवरात्रात शिरीष तिला घेऊन आला. सुनेला रजा नव्हती. काकूंनी आधीच शिंप्याकडून अंदाजाने परकर-पोलकं शिवून आणलं होतं. ते पोरीला आखूड झालं.

घोडं अडलं ते भाषेवर. लीनाला मराठीचा गंध नव्हता आणि आजी-आजोबांना जर्मनचा. काकांचं इंग्रजी स्टोअर्सच्या पावत्यांपुरतं. पहिले दोन दिवस आजोबा आणि नात एकमेकांकडे बघून नुसते हसत होते. शिरीष बाहेर गेला की त्या घरात इतकी शांतता व्हायची की मी उगाचच जाऊन काहीतरी बोलून यायचे.

तिसऱ्या दिवशी लीनाने आपली बॅग उघडली. तिच्यातून रूळ निघाले, दोन डबे निघाले, विजेचा एक लहानसा ट्रान्सफॉर्मर निघाला आणि मऊ कापडात गुंडाळलेलं वीतभर काळं इंजिन निघालं. तिने हॉलच्या लादीवर रूळ गोल जोडले. एका चिमुकल्या बाटलीतून इंजिनाच्या धुराड्यात तेलाचे थेंब सोडले. बटण फिरवलं. गाडी निघाली, आणि थोड्या वेळाने त्या धुराड्यातून चक्क धूर यायला लागला. पांढरा, खराखुरा, भकभक धूर!

काका लादीवर पालथे पडले. गाल लादीला टेकवून ते गाडी जवळ येताना बघत होते आणि लहान मुलासारखे ओरडत होते, "अगं बघ, अगं बघ!" लीना त्यांच्या शेजारी तशीच पालथी पडली. तिथून पुढे आठवडाभर ती दोघं जवळजवळ लादीवरच राहायला होती. टेबलाखाली पनवेल झालं, दिवाणाच्या पायाशी आपटा आणि चपलांच्या स्टँडजवळ जिते. काका रोह्याच्या गाडीची स्टेशनं ओरडायचे आणि ती मागून म्हणायची. 'आपटा' हा शब्द तिला फार आवडला होता. दिवसातून पन्नास वेळा तिचं "आपटा!" आमच्या घरात ऐकू यायचं. धुरासाठी किती थेंब घालायचे ते ती काकांच्या नाकासमोर दोन बोटं धरून बजावायची, "दोन." हा तिचा दुसरा मराठी शब्द. काकांना त्यांच्या जन्मात कुणी इतक्या हक्काने कामाला लावलं नसेल, आणि ते खुशीत होते.

मग दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. गुप्त्यांच्या घरी पाटावर काकांची सगळी आयुधं मांडली जात आणि काकू त्यांना मनापासून हळदकुंकू वाहत, बहुधा वर्षभर त्यांनी शांत राहावं म्हणून. त्या वर्षी पाटावर मधोमध लीनाचं इंजिन बसलं. "यंत्रच ना तेही," काकू म्हणाल्या. त्यांनी त्याला ओलं कुंकू लावलं, फुलाने पाणी शिंपडलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि वर अक्षता टाकल्या. लीना आखूड परकर नेसून हात जोडून उभी होती. तिच्या इंजिनाचा एवढा मान आजवर कुणी केला नव्हता.

दुपारी जेवणं झाल्यावर तिने बटण फिरवलं. गाडी धावली. धूर आला नाही. आधी करपल्याचा वास आला आणि मग काहीच नाही. लीनाने धुराड्यात डोळा लावून पाहिलं, पुन्हा दोन थेंब घातले, वाट पाहिली. मग ती काकांकडे बघायला लागली.

काकांनी इंजिन उचललं आणि गॅलरीत नेलं. बॅटरी धरायला मला बोलावलं. इंजिनाच्या पोटात धुराड्याखाली एक बारीक नळी होती आणि तिच्यात केसासारख्या तारेचं वेटोळं. ती तार तापली की तेलाचा धूर होत असे. नळीच्या तोंडाशी तांदळाचा एक दाणा कुंकवासकट काळा होऊन चिकटला होता. काकांनी टाचणी घेतली. दाणा हलेना. त्यांनी जरा जोर केला, आणि दाणा बाहेर आला तो तार घेऊनच.

काकांनी तो दाणा गॅलरीतून खाली टाकून दिला.

"काय झालं हो?" काकूंनी आतून विचारलं.

"काही नाही. माझ्या हातून तार तुटली. टाचणी लागली."

या माणसाने 'माझ्या हातून बिघडलं' असं म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या मिक्सरच्या बाबतीत तर त्यांनी शेवटपर्यंत कंपनीलाच दोष दिला. "बघा!" काकू म्हणाल्या, "पोरीचं खेळणंही सोडलं नाहीत." आणि काकांनी मुकाट्याने ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शिरीष आणि लीना निघायचे होते. "राहू द्या बाबा, आम्ही तिकडे करून घेऊ," शिरीष म्हणाला. पण लीनाने सगळी गाडी खोक्यात भरून काकांच्या हातात दिली आणि बापाला काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, आजोबा दुरुस्त करतील ना?"

"तिला सांग," काका म्हणाले, "पुढच्या वेळी येशील तेव्हा धूर असेल. मी शब्द दिलाय म्हणून सांग."

शिरीषने सांगितलं. लीनाने मान डोलावली आणि त्यांच्यापुढे दोन बोटं धरली.

पुढची काही वर्षं काकांनी दुसरं काही दुरुस्त केलं नाही, त्यामुळे बिल्डिंगला बरे दिवस आले. आधी त्यांनी विजेच्या शेगडीच्या कॉइलची तार काढून बसवली. ती इतकी जाड की बटण फिरवलं की ट्रान्सफॉर्मर नुसता गुरगुरायचा आणि गाडी जागची हलायची नाही. मग पळस्पे फाट्यावर ट्रकची वायरिंग करणाऱ्यांकडून निरनिराळ्या तारांचे तुकडे आणले. एकही जमला नाही. जुन्या पनवेलात सलीमभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे ते इंजिन घेऊन गेले. सलीमभाईंनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघितलं. "काका, ये तार है के मकडी का जाला? माझा हात लावला तर जे आहे तेपण जाईल. आप बुरा मत मानो." चहा पाजून त्यांनी काकांना परत पाठवलं.

तेलही संपलं होतं. शिवणयंत्राचं तेल झालं, खोबरेल झालं, केमिस्टकडचं पॅराफिन झालं. तारच नव्हती तिथे तेल काय करणार, पण काकांना ते सांगायची सोय नव्हती. एका दुपारी त्यांनी आम्हा सगळ्यांना हाक मारली. इंजिनाच्या धुराड्यात उदबत्तीचा पेटता तुकडा खोचला होता. गाडी चंदनाचा वास सोडत दिवाणाला एक फेरी घालून आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीत प्लास्टिकचं धुराडं वितळून एका अंगाला कललं. विचुंब्याचा दूधवाला दारात उभा राहून हे बघत होता. तो म्हणाला, "काका, तुमाला धूरच पायजे ना? आमचे वीटभट्टीवर चला. डोले फुटतील एवढा हाय." सगळे हसले. काका हसले नाहीत.

"चालते तर आहे ना गाडी," मी एकदा म्हटलं. "लहान पोर ते. तिला काय एवढं लक्षात राहणार?"

"तिच्या नाही राहिलं तरी माझ्या आहे," काका म्हणाले. "बाई, तिच्याशी मला दुसरं काय बोलता येतं?"

दर रविवारी शिरीषचा फोन यायचा. सुरुवातीला लीना फोनवर यायची. काका ओरडायचे, "आपटा!" तिकडून "आपटा!" यायचं आणि मग दोघंही नुसते हसत राहायचे. शेवटी काका शिरीषला सांगायचे, "तिला म्हणावं, होत आलंय." पुढे ती यायची कमी झाली. कधी झोपलेली असायची, कधी मैत्रिणीकडे, बहुतेक वेळा पोहायला. काकूंना आधी उमगलं. मेथी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "बाई, दर रविवारी कसलं गं पोहणं? मासोळी आहे का ती?"

वर्षभराने शिरीषने सांगितलं. तो आणि त्याची बायको वेगळी झाली होती आणि लीना आईबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेली होती. काकांनी फोन ठेवला, कपाटावरून खोकं काढलं आणि खिडकीपाशी बसून इंजिन उघडलं.

"आता तर लवकर व्हायला पाहिजे," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. काकू मोरीत तोंडावर पाणी मारत होत्या आणि हा माणूस इंजिन उघडून बसला होता. पण त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं आणि माझा राग टिकला नाही. इतक्या लहान स्क्रूच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर बसत नव्हता आणि ते पुन्हा पुन्हा बसवून बघत होते. मी बॅटरी आणली आणि धरून बसले. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही सुचत नाही.

"शिरीषला सांगून तो भाग मागवून घ्या ना," मी म्हणाले.

"त्याच्यामागे आधीच काय थोडं आहे? शिवाय तिला सांगितलंय ना, होत आलंय म्हणून."

अशी वर्षं गेली. दर दसऱ्याला काकू हत्यारांची पूजा करायच्या, पण इंजिन काही पाटावर यायचं नाही. काका म्हणायचे, ते उघडलेलं आहे, हलवू नका. त्यांना मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, तरी ते दुपारी खिडकीपाशी बसतच. शेवटी एका रविवारी ते अंघोळीला गेलेले पाहून काकूंनीच फोनवर मुलाला सगळं सांगून टाकलं. "बाबारे," त्या म्हणाल्या, "त्या माणसाला एवढी एक तार आणून दे."

शिरीष आला तो एकटाच. आमच्या घरात बेल वाजली म्हणून मी दाराशी गेले, तर समोर गुप्त्यांच्या दाराशी तो उभा होता. केस पांढरे झालेले, कोट अंगावर लोंबणारा. आत गेल्यावर बूटही न काढता त्याने खिशातून काडेपेटीएवढं एक पाकीट काढून काकांच्या हातात दिलं. आत नवी नळी होती, नवं धुराडं होतं आणि तेलाची बाटली.

जन्मभर दुसऱ्यांना स्पेअर पार्ट देणारे काका तो पार्ट हातात घेऊन उलटसुलट करून बघत राहिले. "हा असा मिळतो?" त्यांनी विचारलं.

"मिळतो, बाबा. कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात."

बापलेक लादीवर बसले. स्क्रू शिरीषने काढले. काका नळी धरून होते. काकूंनी चहा टाकला होता, त्याला उकळी यायच्या आत सगळं बसलंसुद्धा. रूळ जोडले. काकांनी मोजून दोन थेंब घातले आणि बटण फिरवलं. गाडी टेबलाखालून निघाली, दिवाणाला वळसा घालून चपलांच्या स्टँडकडे आली आणि तिथे धूर आला. पांढरा, अगदी पहिल्यासारखा. काकूंनी पदर तोंडाला लावला. काका खुशीने टाळ्या वाजवायला लागले.

"बघ! सांगितलं होतं की नाही! आता तिला सांग. फोन कर तिला. आत्ता असेल ना ती घरी?"

शिरीष गाडीकडे बघत होता. "बाबा, ती आता मोठी झाली. गाड्यांशी नाही खेळत."

"हो, तेही खरंच," काका म्हणाले. त्यांनी विचारलं, "मग हल्ली काय आवडतं तिला?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"ती माझ्याशी बोलत नाही, बाबा. भेटायलाही येत नाही. दीड-दोन वर्षं झाली."

काकांना खरोखरच काही कळत नव्हतं. "असं कसं?" ते म्हणाले. "तुला तर तिची भाषा येते."

शिरीष एवढा मोठा माणूस, आमच्यासमोर लादीवर बसून रडायला लागला. गाडी फिरत होती. काकांनी हात पुढे केला, त्याच्या खांद्याशी नेला, मागे घेतला, परत नेला. शेवटी काकूंनी येऊन बटण बंद केलं आणि मुलाचं डोकं जवळ घेतलं. मी आपल्या घरी निघून आले आणि भरदिवसा पहिल्यांदाच आमचं दार लावून घेतलं.

शिरीष आठवडाभर राहिला. तो निघाला त्या संध्याकाळी मी शाळेतून येत होते. फाटकापाशी टॅक्सी उभी होती आणि शिरीष आत बसला होता. काकांनी गाडीचं खोकं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून आणलं होतं. ते त्यांनी खिडकीतून आत दिलं. शिरीषने आधी हात पुढे केला नाही. मग केला. टॅक्सीवाला म्हणाला, डिकीत टाकू का, तर नको म्हणाला आणि खोकं मांडीवर घेऊन बसला.

काका खिडकीत वाकले होते. "तेलाचे दोनच थेंब, बरं का. जास्त झाले तर धूर येत नाही. तिला सांग."

"सांगतो, बाबा."

"आणि बटण एकदम फिरवायचं नाही. हळूहळू. हेही सांग."

"सांगतो."

टॅक्सी सुरू झाली. काका तिच्याबरोबर चालत चार पावलं पुढे गेले. काचेवर हात ठेवून ते अजून काहीतरी समजावत होते आणि आत शिरीष मान हलवत होता.